नॉर्वेच्या खोऱ्यांतील क्रियापदें

इ. स. १८४२ च्या शरदृतूंत नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुन्नमोर प्रांतांतून ईवार ओसेन नांवाचा एक गृहस्थ प्रवासास निघाला. वय एकोणतीस. बाप ओर्स्ता येथील लहानसा शेतकरी. आईबाप दोघेंहि त्याच्या लहानपणींच निवर्तलेलीं. शिक्षण म्हणाल तर खेडोपाडीं फिरणाऱ्या शाळेंतलें. अठराव्या वर्षीं तो स्वतःच तसल्या शाळेचा मास्तर झाला आणि पुढें एका लष्करी कॅप्टनच्या घरीं मुलांची शिकवणी करूं लागला. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून तो कधींच चढला नाहीं. परंतु फावल्या वेळांत त्यानें आपल्या प्रांतांतील शेतकऱ्यांच्या बोलीचें व्याकरण लिहून काढलें होतें. १८४१ सालीं तें हस्तलिखित बेर्गेनच्या बिशपांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांतून ट्रॉन्डहाइम येथील विद्वत्संस्थेनें त्याला वेतन देऊन देशांतील बोलींचा अभ्यास करण्यास पाठविलें. १८४६ पर्यंत हा मनुष्य डोंगर, दऱ्या आणि डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या तुडवीत हिंडला. आडगांवच्या शेतकऱ्यांजवळ बसून ‘येणें’, ‘पिणें’, ‘फेकणें’ अशीं क्रियापदें ते कशीं चालवितात, हें तो टिपून घेई.

त्या काळच्या शहाण्या लोकांना हा उद्योग चमत्कारिक वाटला तर नवल नाहीं. नॉर्वे चारशें वर्षांहून अधिक काळ डेन्मार्कशीं जोडलेला होता. सोळाव्या शतकांत धर्मसुधारणा झाली ती डॅनिश बायबल घेऊन. कचेरी, चर्च, शाळा या सर्वांची लेखी भाषा डॅनिश झाली. १८१४ सालीं नॉर्वे डेन्मार्कपासून सुटला, त्यानें आपली राज्यघटना केली, व त्याच वर्षीं तो स्वीडनच्या राजाखालीं गेला. घटना स्वतःची खरी, पण ती लिहिली डॅनिशमध्यें. खेड्यांतला माणूस जें बोलतो ती एक बिघडलेली भाषा, तिला ना नियम ना व्याकरण, असा सुशिक्षितांचा सर्वसाधारण ग्रह होता. हा ग्रह खरा असता तर नॉर्वेला स्वतःची अशी भाषाच नाहीं असें ठरलें असतें. ओसेनच्या वहींतील क्रियापदांच्या रूपांवर एवढी मोठी गोष्ट अवलंबून होती.

हीं रूपें समजण्यासाठीं प्रथम सहाशें-सातशें वर्षें मागें जावयास हवें. मध्ययुगांतील नॉर्वेची भाषा ती आइसलंडच्या सागाग्रंथांचीच भाषा. तींत क्रियापद पुरुष आणि वचन यांप्रमाणें चाले; मराठींत ‘मी जातों, तूं जातोस, ते जातात’ असें होतें तसेंच. फेकणें या अर्थाचें ‘कास्ता’ हें क्रियापद घेतलें, तर ‘मी’ला ‘कास्ता’, ‘तूं’ आणि ‘तो’ यांना ‘कास्तार’, ‘आम्ही’ला ‘कॉस्तुम’, ‘तुम्ही’ला ‘कास्तिध’ आणि ‘ते’ला पुन्हा ‘कास्ता’. आइसलंडमध्यें आजहि मूल शाळेंत जाण्यापूर्वीं असेंच बोलूं लागतें. नॉर्वेंत मात्र चौदाव्या व पंधराव्या शतकांत ही इमारत ढासळली. त्या काळचीं खरेदीखतें, निवाडे, तडजोडीचीं पत्रें पुष्कळ शिल्लक आहेत, व त्यांत ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचे निराळे प्रत्यय हळूहळू गळून सर्व अनेकवचनाला ‘ते’चेंच रूप लागलेलें दिसतें. अर्थात् अशा पत्रांचें आरंभींचें मायन्याचें वाक्य ठराविक सांच्याचें असे, आणि लेखक तें पूर्वजांकडून जसेंच्या तसें उचली. त्यावरून बोलण्याचा अंदाज करणें धोक्याचें. खरी बोली दिसते ती पुढें, जेथें कुंपण कोणाचें आणि गाय कोणाची हें सांगतांना लेखकाला स्वतःचें वाक्य जुळवावें लागतें तेथें.

हें कां घडलें? याचें एक सोपें उत्तर पुष्कळदां दिलें जातें. १३४९ सालीं बेर्गेन बंदरांत प्लेग उतरला आणि त्यानें देशांतील निम्म्याच्या आसपास, कदाचित् त्याहूनहि अधिक, माणसें नेलीं. लिहिणारे पाद्री गेले, जुनी परंपरा तुटली, आणि भाषा निराधार झाली, असें तें उत्तर. तें ऐकावयास मोठें करुण आहे, परंतु पुरेसें नाहीं. आइसलंडांत १४०२ ते १४०४ या काळांत अशीच महामारी येऊन अपरिमित प्राणहानि झाली. तरी तेथील क्रियापदांचा एक प्रत्ययहि हालला नाहीं. उलट डेन्मार्क व स्वीडन येथेंहि प्रत्यय गळालेच. दोन कारणें अधिक पटण्यासारखीं आहेत. या भाषांत आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर पडतो, त्यामुळें शेवटचे स्वर आधींच दुबळे झालेले होते. आणि बेर्गेनमध्यें चौदाव्या शतकापासून हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार होती. तेथें दोन परस्परसदृश भाषा बोलणारीं माणसें रोज माशांचा आणि धान्याचा व्यवहार करीत. ज्या ठिकाणीं धातु ऐकूनच अर्थ कळतो, त्या ठिकाणीं शेपटाकडे कोण लक्ष देतो? आइसलंडला असा शेजार नव्हता. या दोन टोकांच्या मध्यें फेरो बेटें आहेत, आणि त्यांची भाषाहि मध्येंच थांबलेली आहे: तेथें एकवचनांत ‘मी’ आणि ‘तूं’ यांचीं रूपें निराळीं राहिलीं, अनेकवचनांत मात्र सर्वांना एकच रूप.

परंतु नॉर्वेंतहि सगळें एकदम गेलें नाहीं, आणि ओसेनला गंमत आढळली ती येथेंच. पुरुषभेद गेला तरी वचनभेद कांहीं डोंगरी खोऱ्यांतून टिकून राहिला. हालिंगडालच्या खोऱ्यांत शेतकरी ‘मी पितों’ याला ‘एग ड्रिक्क’ म्हणे, तर ‘आम्ही पितों’ याला ‘मे ड्रिक्का’. भूतकाळांत तर धातूचा स्वरहि बदले: ‘मी प्यालों’ तें ‘ड्रक्क’, आणि ‘आम्ही प्यालों’ तें ‘ड्रुक्को’. सेटेसडालसारख्या दुर्गम खोऱ्यांतूनहि असा भेद होता. शहरांतल्या वकिलाच्या बोलण्यांत हा भेद मुळींच राहिलेला नव्हता! ज्याला अशुद्ध बोलणारा म्हणून हिणवावयाचें, तो मेंढपाळ कर्त्याच्या वचनाप्रमाणें क्रियापद चालवीत होता आणि हिणविणारा चालवीत नव्हता. स्वीडनमध्यें याच्या नेमकें उलट झालें. तेथें बहुतेक सर्वांच्या तोंडून वचनभेद गेल्यावरहि वर्तमानपत्रें तो छापीतच राहिलीं. १९४५ सालीं तेथील मोठ्या वृत्तसंस्थेनें तीं रूपें टाकलीं तेव्हां कोठें तीं छापील मजकुरांतून जाऊं लागलीं. डेन्मार्कनें तीच सक्ति १९०० सालीं उठविली.

यापेक्षांहि सूक्ष्म असा एक नियम पूर्वेकडील बोलींत सांपडतो. जुन्या भाषेंत धातूचें मूळ रूप बहुधा ‘आ’कारान्त असे: ‘कास्ता’ (फेकणें), ‘बीता’ (चावणें), ‘वेरा’ (असणें), ‘कोमा’ (येणें). पश्चिमेकडील बहुतेक बोलींनीं हा ‘आ’ तसाच ठेवला. पूर्वेकडे मात्र ‘कास्ते’, ‘बीते’ असा ‘ए’ झाला, परंतु ‘वॅरा’मध्यें ‘आ’च राहिला. परक्याला वाटेल, हा लहरीचा कारभार आहे. वस्तुतः तो तराजूंत तोलल्यासारखा आहे. जुन्या भाषेंत ‘कास्ता’चा पहिला अवयव जड होता, कारण त्यांत जोडाक्षर होतें, ‘बीता’चाहि जड, कारण स्वर दीर्घ. अशा शब्दांत सगळा जोर पहिल्या अवयवांत संपे आणि दुसरा ओशाळून ‘ए’ होई. ‘वे-रा’, ‘को-मा’ यांत पहिला अवयव हलका, म्हणून जोर दोघांत वांटला जाई आणि शेवटचा ‘आ’ वांचे. नॉर्वेंतील व्याकरणकार या नियमाला ‘समतोलाचा नियम’ अशा अर्थाचें नांव देतात. ट्रोंडेलाग प्रांतांत याचा परिणाम आणखी पुढें गेला. जड शब्दांचा शेवटचा स्वर अजीबात नाहींसा होऊन ‘कास्त’ एवढेंच राहिलें, आणि हलक्या शब्दांत दोन्ही स्वर एकमेकांसारखे होऊन ‘कोमा’चें ‘कॉम्मॉ’ झालें. गुडब्रान्सडालच्या उत्तर भागांत जाणणें या अर्थाच्या ‘वीता’ची (यांतला पहिला स्वर जुन्या भाषेंत ऱ्हस्व) अशीच ‘वॉत्तॉ’ अशी गत झाली.

यांतील खरें आश्चर्य निराळेंच आहे. मध्ययुग संपतां संपतां बहुतेक बोलींतून आघाताचे हलके अवयव नाहींसे झाले. स्वर तरी लांबला किंवा व्यंजन तरी दुहेरी झालें. म्हणजे ज्या भेदावर हा नियम उभा होता तो भेदच गेला, आणि नियमाचें फळ मात्र शेंकडों वर्षें लोकांच्या जिभेवर राहिलें. पूर्वेकडील शेतकऱ्याला कोणत्या क्रियापदाला ‘आ’ लावावा व कोणत्याला ‘ए’, हें कोणी सांगितलेलें नव्हतें, आणि विचारलें तर त्याला कारण सांगतां येणें शक्यच नव्हतें. पण तो चुकत नसे. पुढें १८९९ सालीं मारियुस हेग्स्ताड यांनीं जुन्या ट्रोंडेलागी बोलीवरील आपल्या ग्रंथांत दाखविलें, कीं त्या भागांतील मध्ययुगीन हस्तलिखितांतहि ‘आ’ आणि ‘ए’ यांची वांटणी याच समतोलानें केलेली आहे. हस्तलिखित कोणत्या प्रांतांत लिहिलें गेलें, हें मग क्रियापदांच्या शेवटच्या अक्षरावरून ओळखतां येऊं लागलें.

बोली म्हणजे बिघाड, या मताला याहून चोख उत्तर कोणतें देणार? ओसेनचें ‘नॉर्वेच्या लोकभाषेचें व्याकरण’ १८४८ सालीं प्रसिद्ध झालें आणि पंचवीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश १८५० सालीं. खोऱ्याखोऱ्यांतील रूपें जुन्या भाषेशीं ताडून पाहून त्यानें सर्वांना पुरेल अशी एक लेखी भाषा बेतली. तेथें मात्र त्याचा प्राचीनाविषयींचा मोह थोडा प्रबळ झाला, असें म्हणणें भाग आहे. ‘फेकलें’ याला जुन्या भाषेंत ‘कास्ताधी’ असें रूप होतें. बहुतेक खोऱ्यांत तें झिजून ‘कास्ता’ एवढेंच उरलें होतें. ओसेननें लिहिण्यासाठीं पत्करलें तें ‘कास्तादे’. शेतकऱ्याच्या भाषेचा हा एवढा मोठा कैवारी, परंतु शेतकऱ्याचें रूप त्याला अंमळ आंखूड वाटलें. पुढच्या पिढ्यांनीं तें ‘दे’ काढून टाकलें. १८८५ सालीं स्टोर्टिंगनें, म्हणजे तेथील लोकसभेनें, या नव्या भाषेला जुन्या राजभाषेच्या बरोबरीचें स्थान दिलें. त्याआधीं सात वर्षें, १८७८ सालीं, त्याच सभेनें ठरविलें होतें, कीं प्राथमिक शाळेंतील शिक्षण शक्य तोंवर मुलांच्या स्वतःच्या बोलींत द्यावें. मास्तरानें मुलाचें क्रियापद सुधारावयाचें, ही शाळेची नित्याची रीत. तिला राज्यानेंच आळा घालावा, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती.

नॉर्वेंतील या बोलीअभ्यासाच्या वातावरणांत जी पिढी वाढली, तिच्यांतील एका पंडिताचा मराठीशीं प्रत्यक्ष संबंध आला. स्टेन कोनोव (१८६७–१९४८) हे संस्कृत-प्राकृताचे नॉर्वेजियन विद्वान्. ग्रीअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषापाहणीचा मराठीवरील सातवा खंड त्यांनींच सिद्ध केला. तो १९०५ सालीं निघाला. उधळ्या पुत्राची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत सांगवून घ्यावयाची आणि मग क्रियापदें व नामें शेजारीं शेजारीं मांडून पहावयाचीं, ही त्या पाहणीची पद्धत. वऱ्हाडी, कोंकणी, कोष्टी अशा बोलींच्या रूपांची अशी मांडणी करणारा माणूस ओसेनच्या देशचा असावा, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आतां क्रियापदांच्या दुसऱ्या एका जातीकडे वळावें. या भाषांत कांहीं क्रियापदें भूतकाळ करतांना प्रत्यय न लावतां पोटांतला स्वर बदलतात. वर ‘ड्रिक्क’चें ‘ड्रक्क’ झालेलें आलेंच आहे. यांना सबल म्हणतात, आणि प्रत्यय लावणाऱ्यांना दुर्बल. शतकानुशतकें सबलांची संख्या घटत चालली आहे. ‘खणणें’ याचा जुना भूतकाळ ‘ग्रोव’. आतां ‘ग्राव्दे’ असें प्रत्ययान्त रूप सर्रास ऐकूं येतें. मुलांच्या तोंडीं तर हें रोजच चालतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत नॉर्वे व आइसलंड येथील चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांकडून भूतकाळाचीं रूपें वदवून घेतलीं होतीं. लहान मुलें सबल क्रियापदांनाहि सरसहा प्रत्यय लावीत, आणि वय वाढतें तसतशा या चुका कमी होत. ज्या क्रियापदाशीं मुलाची गांठ दिवसांतून दहा वेळां पडते, तें जुन्या रूपांत टिकतें. ज्याच्याशीं वर्षांतून एकदां, तें हातचें जातें. ‘आला’, ‘गेला’, ‘पाहिलें’ यांचीं रूपें म्हणूनच शाबूत आहेत.

परंतु हा ओढा एकाच दिशेनें वाहतो असें समजूं नये. ‘लिहिणें’ हें क्रियापद जुन्या नॉर्वेंत ‘स्क्रीफा’ या रूपांत होतें व प्रत्यय लावून चाले. आइसलंडांत अद्यापि तसेंच चालतें. व्यापाऱ्यांच्या जर्मन बोलींत मात्र तें सबल होतें. त्या सहवासानें, आणि ‘चावणें’सारख्या देशी क्रियापदांच्या नमुन्यावर, नॉर्वेंत तें सबल झालें: कोठें ‘स्क्रेव’, कोठें ‘स्क्रेइव’. त्याच व्यापाऱ्यांकडून ‘होणें’ या अर्थाचें ‘ब्ली’ हें क्रियापद आलें आणि त्यानें जुन्या ‘वेर्दा’ला बऱ्याच ठिकाणीं हुसकून लावलें. तरी ट्रोंडेलागसारख्या भागांत वर्तमानकाळीं पाहुणा ‘ब्ली’ आणि भूतकाळीं घरचें ‘वार्त’, असा दोघांचा संसार चालू आहे. आज्ञार्थाची तर एक निराळीच अडचण. नॉर्वेजियनांत धातूचा शेवटचा स्वर काढला कीं आज्ञार्थ होतो. ‘सायकल चालविणें’ याला ‘सिक्ले’ म्हणतात. तेव्हां ‘सायकल चालव!’ याला ‘सिक्ल!’ असें म्हणावयास हवें. हें व्यंजनांचें बोचकें उच्चारणें इतकें जड, कीं पुष्कळ लोक वाक्याची रचनाच बदलतात.

विसाव्या शतकांत क्रियापदाचें शेपूट हा घरगुती भांडणाचाहि विषय झाला. डॅनिश वळणाची जी दुसरी लेखी भाषा, तिला हळूहळू नॉर्वेच्या शहरी बोलण्याजवळ आणावें, असा आग्रह क्नूड क्नूडसेन या शाळामास्तरानें एकोणिसाव्या शतकांत धरला होता. त्याला अनुसरून १९०७ च्या सुधारणेनें ‘कास्तेदे’च्या जागीं ‘कास्तेत’ आलें. पण बहुसंख्य जनता ‘कास्ता’ म्हणत होती. राजधानी ओस्लोंतहि पूर्वेकडील कामगारवस्तींत ‘कास्ता’ आणि पश्चिमेकडील सुखवस्तु भागांत ‘कास्तेत’. १९१७ आणि १९३८ च्या सुधारणांनीं ‘आ’ला मोठें स्थान दिलें, दोन्ही लेखी भाषा जवळ आणून पुढेंमागें एक कराव्या, असें सरकारचें धोरण होतें. मग १९५० नंतरच्या दशकांत पश्चिम ओस्लोंतील पालक खवळले. आपल्या मुलांनीं कामगारांचीं क्रियापदें लिहावीं काय, असा तो प्रश्न होता, जरी तो नेहमींच इतक्या उघडपणें कोणी विचारीत नसे. पालकांनीं चळवळ उभारली, आणि मुलांच्या क्रमिक पुस्तकांतील न आवडणारीं रूपें खोडून त्यांवर आपलीं रूपें लिहिलीं. पालकांचा राग खरा होता. परंतु जो अपमान खेड्यांतल्या मुलानें पिढ्यान् पिढ्या मुकाट्यानें सोसला, तोच शहरी मुलाच्या वांट्याला येतांच एवढा गहजब व्हावा, हेंहि नजरेआड करतां येत नाहीं. अखेर १९८१ सालीं पुष्कळशीं जुनीं शहरी रूपें पुन्हा मान्य झालीं, आणि भाषा एक करण्याचें धोरण २००२ सालीं अधिकृतपणें सोडून देण्यांत आलें. आज ‘कास्ता’ आणि ‘कास्तेत’ दोन्ही रूपें शुद्ध आहेत.

खोऱ्यांतील रूपांना मात्र सभेच्या ठरावानें वांचवितां आलें नाहीं. रस्ते झाले, बोगदे झाले, पोरें शिक्षणासाठीं शहरांत जाऊं लागलीं. ‘मे ड्रुक्को’ म्हणणारीं माणसें विसाव्या शतकांत म्हातारीं होत गेलीं, आणि नातवंडें एकवचनाचेंच रूप सर्वांना लावूं लागलीं. ओस्लोच्या आसपास समतोलाचा नियमहि मागें हटत आहे. ‘वॅरा’च्या जागीं शहरी ‘वॅरे’ ऐकूं येतें. तरी त्याच ओस्लोंतील बोलण्यांत एक जुनी खूण अजून जागच्या जागीं आहे. नॉर्वेजियन शब्दांना दोन प्रकारचे सूर असतात. साधारणपणें जुन्या काळीं जे शब्द एकाक्षरी होते त्यांना पहिला सूर, आणि जे दोन अक्षरांचे होते त्यांना दुसरा. ‘तो फेकतो’ याला आज ‘कास्तेर’ आणि ‘तो येतो’ याला ‘कॉम्मेर’ म्हणतात. दोन्ही दोन अक्षरी, दोहोंचा प्रत्यय एक. पण जुन्या भाषेंत पहिलें होतें ‘कास्तार’, आणि दुसरें होतें ‘केम्र’, म्हणजे एकच अक्षर. ओस्लोंतील चार वर्षांचें मूल आजहि ‘कास्तेर’ दुसऱ्या सुरांत म्हणतें आणि ‘कॉम्मेर’ पहिल्या सुरांत.